कागदावर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल: अडुसष्टाव्या वर्षी उभी केलेली एक जीप

काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाच्या आणि कालव्यांच्या कामावर गेली. साइटवर खात्याची पेट्रोल जीप असे आणि ड्रायव्हर रजेवर गेला की स्टिअरिंग यांच्या हातात येई. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी तसलीच एक जीप विकत घेतली आणि त्यानंतर मला फोन केला. आधी फोन आणि मग व्यवहार असा क्रम असता तर बरं झालं असतं, पण जीपच्या बाबतीत तो क्रम कोणीच पाळत नाही.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडचा निदेशक. या कामात माझा वाटा सल्ल्यापुरता आणि शनिवार-रविवारी डोकावण्यापुरता. हत्यारं हातात धरली ती काकांनी आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. कोल्हापूर भागात निवृत्तीनंतर जुनी जीप घेणारी मंडळी बरीच आहेत. झकपक रंग मारलेल्या पण ब्रेक नसलेल्या, इंजिन खोलून तसंच राहिलेल्या, कागदांअभावी शेडमधून न हललेल्या जीपा मी पाहिल्यात. ही जीप चालू झाली, पास झाली आणि आज रस्त्यावर आहे. कुठले निर्णय आधी घेतले गेले, यात त्याचं बरंचसं उत्तर आहे.

काय विकत घेतलं होतं

गाडी १९६९ची महिंद्रा सीजे-३बी. मूळ आराखडा अमेरिकेतल्या विलीज कंपनीचा, १९५३चा. तिकडे हे मॉडेल १९६८ला बंद झालं, पण महिंद्रा ते आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवत राहिली. ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. आधीच्या जीपचं इंजिन बुटकं होतं, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं. नव्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिनाची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. चार सिलिंडर, २,१९९ सीसी, सत्तरीच्या आसपास अश्वशक्ती. तीन गिअर, त्यामागे दोन दांड्यांचा ट्रान्सफर केस: एक दांडी पुढची चाकं जोडायला, दुसरी लो गिअरला. स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि मागच्या फळीवर पुसट होत आलेली ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ ही अक्षरं.

जीप एका पोल्ट्रीच्या शेडमागे ताडपत्रीखाली उभी होती. कोंबडीखताच्या वाफेत उभ्या राहिलेल्या पत्र्याचं काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला वर्णन नको. पायाखालचा पत्रा गेलेला. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या हाताने दाबल्या तरी चुरत होत्या. या जीपला पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढून हलवली तर आतून गंजाचे पोपडे वाजायचे. चेसिस मात्र सरळ होती. पुढच्या पाट्याच्या हँगरजवळ एक तडा आणि इंजिनाखालचा आडवा पाइप कापून नंतर वेडावाकडा जोडलेला, एवढंच.

तो पाइप का कापला होता, ते बॉनेट उघडल्यावर कळलं. आत मॅटाडोर टेम्पोचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं.

इंजिनाचा प्रश्न

आपल्याकडे यात नवल काही नाही. पेट्रोल महाग, हरिकेन इंजिन पेट्रोल पिणारं, आणि डिझेल स्वस्त होतं त्या काळात शेतकऱ्यांनी आणि सीट भरून प्रवासी नेणाऱ्या वडापवाल्यांनी हजारो जीपांत मिळेल ते डिझेल इंजिन घातलं. महिंद्राने स्वतःही पुढे इगतपुरीला बनणारी डिझेल इंजिनं जीपला दिली. बदल करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांना पोट भरायचं होतं. मॅटाडोरचं इंजिन टिकाऊ, सुटे भाग गल्लीत मिळणारे. काकांचे पुतणे, गावचा मेकॅनिक, चहाच्या टपरीवरचे तज्ज्ञ, सगळ्यांचं एकच मत: आहे ते इंजिन चालू करा, रंग मारा, विषय संपवा. बॅटरी लावून, डिझेलच्या नळीतली हवा काढून आम्ही ते इंजिन सुरूही करून पाहिलं. धूर सोडत का होईना, दुसऱ्या सेल्फला लागलं.

पण आरसी बुकावर इंधन ‘पेट्रोल’ होतं. शेवटचं पासिंग झालं तेव्हा बॉनेटखाली काय होतं, हा प्रश्न कोणाला विचारण्यात अर्थ नव्हता.

मी काकांना एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. ही गाडी कुठे चालवायची? किती वर्षं चालवायची? तुमच्यानंतर तिचं काय? तिसरा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, पण या वयात हाती घेतलेल्या कामात तो टाळला की पुढचे सगळे हिशेब चुकतात. काकांनी दोन दिवसांनी उत्तरं आणली. घर ते शेत आणि आठवड्यातून एकदा दाजीपूरच्या बाजूला. हात-पाय चालतात तोवर. नंतर नातवाला, त्याला नको असेल तर विकता आली पाहिजे.

या उत्तरांतच डिझेलचा निकाल लागला होता. आरसीवर एक आणि बॉनेटखाली दुसरं असलेली गाडी कायदेशीरपणे विकता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं. शिवाय तांत्रिक बाजू होतीच. ते इंजिन मूळ इंजिनापेक्षा जड, त्याचा भार पुढच्या ॲक्सलवर आणि नऊ इंची ड्रम ब्रेकवर. जुन्या तीन गिअरच्या पेटीला डिझेलचे धक्के मानवत नाहीत. आणि स्टिअरिंगमधून हातापर्यंत येणारी ती थरथर. काकांना मानेचा स्पाँडिलायटिस आहे.

दुसरी वाटही तपासली. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली असेल, तर तिला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. ऐकायला झकास. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला जाणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. शेतावर जायला जीप घेणाऱ्या माणसाच्या ते कामाचं नाही. काका म्हणाले, “सर, मला गणपतीसारखी मखरात बसवायची नाही ती.”

उरली एकच वाट. मूळ जातीचं पेट्रोल इंजिन घालायचं, इंजिन नंबरातला बदल आरसीवर नोंदवून घ्यायचा आणि साधं पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं. खर्चाने ही वाट सगळ्यात महाग होती. पुतण्यांनी कपाळाला हात लावला. काका एवढंच म्हणाले, “मला खात्याची जीप पाहिजे. टेम्पो नको.”

कागद आधी

हरिकेन इंजिन मिरजेच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. किंमत ठरली, टेम्पो दारात आला, आणि काका अडून बसले: बिल पाहिजे, आणि बिलावर इंजिन नंबर पाहिजे. भंगारवाला हसला. या धंद्यात बिल मागणारा माणूस म्हणजे एक तर पोलीस नाही तर खुळा. काका तसेच परतले. तीन आठवड्यांनी त्याच माणसाचा फोन आला, गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. मग बिल झालं. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, वॉटर पंपाजवळ, ठोकलेला नंबर काकांनी घासून स्वच्छ केला, कागदावर पेन्सिलने छाप घेतली आणि ती छाप बिलाला टाचली. खात्यात मोजमाप पुस्तकं लिहिण्यात आयुष्य गेलं त्याचा हा फायदा. पुढे इंजिनाची नोंद बदलताना तो एक कागद नसता तर सगळं काम तिथेच थांबलं असतं.

चेसिस नंबराचंही तसंच. गंजलेल्या चेसिसवर ग्राइंडर फिरवायची पोरांना फार घाई असते, आणि एकदा का ठोकलेला आकडा घासला गेला की गाडी भंगार. आम्ही नंबराच्या जागेवर आधी ग्रीस आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाकली, मगच बाकीची चेसिस साफ करायला घेतली.

आरसी मूळ मालकाच्या नावावर होती आणि तो वारलेला. विकणारा त्याचा मुलगा. म्हणजे आधी वारसाच्या नावावर हस्तांतर, फॉर्म ३१, आणि मग वारसाकडून काकांच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. लोक इथे एक टप्पा गाळायला बघतात आणि नंतर बहिणी-भावांच्या सह्यांसाठी वणवण करतात. इथे दोन बहिणींच्या सह्या गाडी हलवायच्या आधीच झाल्या, कारण काकूंनी तशी अट घातली होती. काकू निवृत्त शिक्षिका आहेत. या जीपचा खर्च एका वेगळ्या वहीत लिहायचा, मुदत ठेवीला हात लावायचा नाही आणि पुढच्या दोन्ही सीटला बेल्ट बसलाच पाहिजे, या आणखी तीन अटी. तिन्ही शेवटपर्यंत पाळल्या गेल्या. बेल्टसाठी चेसिसला बोल्ट केलेले वेगळे ब्रॅकेट करावे लागले, कारण हौद्याच्या जुन्या पत्र्याला बेल्ट बांधणं म्हणजे मनाची समजूत.

शरीराचा हिशेब

हा भाग जीपवाल्यांच्या गप्पांत कधी येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

काकांना मधुमेह, डावा गुडघा झिजलेला, आणि चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू. अशा माणसाला पत्र्याची धार लागली तर रक्त लवकर थांबत नाही, आणि मधुमेहामुळे जखम भरायलाही वेळ. काम सुरू करण्याआधी त्यांनी हृदयरोगतज्ज्ञाला सरळ विचारलं. उत्तर मिळालं: हातकाम खुशाल करा, पण वजन उचलायचं नाही, जोर लावून बोल्ट सोडवायचे नाहीत, दमलात की थांबायचं.

त्यावरून कामाची वाटणी झाली. गाडीखालचं सगळं, गिअरपेटी आणि ट्रान्सफर केस उतरवणं, अडकलेले बोल्ट, विद्यार्थ्याकडे. बाकावर बसून करण्यासारखं सगळं काकांकडे: कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, सेल्फ, व्हील सिलिंडर, पूर्ण वायरिंग. वायरिंग त्यांनी सुरुवातीपासून नवं केलं, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबराची पट्टी. मी इतकी स्वच्छ वायरिंग शिकवण्याच्या बोर्डावरसुद्धा कमी वेळा पाहिली आहे.

शेडमध्ये केलेले बदल साधे होते. बाक उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला, पण त्यावर काम बसून करता येईल असं उंच स्टूल. वर दोन ट्यूब आणि हाताशी हलवता येणारा एक दिवा. साठीनंतर डोळ्याला पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो, आणि चष्म्याचा नंबर वाचायच्या अंतराचा असतो, बाकाच्या अंतराचा नसतो. काकांनी बाकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. इंजिनासाठी चेन पुली ब्लॉक, आणि जीप उचलली की चारही बाजूंना घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली जायचं नाही, हा नियम विद्यार्थ्यालाही लागू.

दोन गोष्टी काकांना सक्त मना होत्या. एक, जुन्या ब्रेक शूची धूळ कॉम्प्रेसरने उडवणं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि गावोगावच्या गॅरेजांत आजही तो हवेने फुंकतात. आमच्याकडे ड्रम ओल्या फडक्याने पुसला गेला आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. दुसरी, टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाची फवारणी. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. रंगाचं काम बाहेर पेंटरकडे दिलं आणि त्या दोन दिवसांत काका तिकडे फिरकले नाहीत.

थांबेल अशी गाडी आधी

क्रम असा ठरवला: ब्रेक, स्टिअरिंग, मग इंजिन, मग पत्रा, सगळ्यात शेवटी रंग. लोक उलटीकडून सुरू करतात कारण रंग दिसतो.

ब्रेक एकाच सर्किटचे. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली, म्हणजे चिखलाच्या थेट तोंडावर. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे काटकसर नाही: मास्टर नवा, सहा रबरी आणि धातूच्या नळ्या नव्या, चारही चाकांचे सिलिंडर नवे. चाकं काढताना शेजारच्या एका उत्साही पोराने डाव्या बाजूच्या चाकाला लांब पाइप लावून दोन स्टड मोडले. जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. काकांना हे माहीत होतं, पण ते तेव्हा जेवायला गेले होते.

स्टिअरिंगला चाकावर चार बोटं मोकळा खेळ होता. बॉक्स, मधला बेलक्रँक, टाय रॉडची टोकं, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी झीज. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंगला शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून ताण बसवावा लागतो. तो ढिला राहिला तर ताशी चाळीसच्या आसपास पुढची चाकं अशी थडथडू लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. शिमचं काम विद्यार्थ्याने केलं, स्प्रिंग काटा लावून ताण मोजला काकांनी.

इंजिनाचा ब्लॉक शिवाजी उद्यमनगरात गेला. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून मशीनिंग आणि ओतकामावर पोसलेली ही वसाहत असल्यामुळे कोल्हापूरकराला या बाबतीत पुण्या-मुंबईकडे बघावं लागत नाही. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. आधीच्या मालकांनी तो इतक्या वेळा वाढवला होता की आणखी वाढवायला जागा नव्हती. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी, ठोकून पुन्हा मूळ मापावर आणला. त्याआधी पाण्याच्या जॅकेटची प्रेशर टेस्ट. मिस्त्री म्हणाले, “टेस्ट न करता लायनर घालतो म्हणणाऱ्याला ब्लॉक देऊ नका.” क्रँक घासला, तिन्ही मेन बेअरिंग नवी, एक्झॉस्टच्या सीट नव्या.

जोडणी झाल्यावर इंजिन सुरू होईना. सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फट्कन उलटा भडका. प्लगची वायर १-३-४-२ क्रमाने, पॉइंट ठीक, पेट्रोल येतंय. मेकॅनिक मंडळी डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून थकली. काका मात्र संध्याकाळी एकटेच टॉर्च आणि भिंग घेऊन बसले. या इंजिनात ऑइल पंप कॅमशाफ्टच्या गिअरवर चालतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच दांड्यावर. दांड्याच्या डोक्यावर एक खाच असते. ती बरोबर मध्यावर नसते, किंचित एका बाजूला सरकलेली असते, म्हणजे डिस्ट्रिब्युटर एकाच पद्धतीने बसावा. पहिला पिस्टन वर असताना त्या खाचेची अरुंद बाजू जिथे हवी तिथे नव्हती. मशीन शॉपकडून पंप परत आला तेव्हा तो गिअरच्या भलत्या दातांवर अडकवला गेला होता. पंप उतरवला, पुन्हा तेलाने भरला, कारण हा पंप कोरडा बसवला तर तेल उचलत नाही, आणि योग्य दातांवर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन लागलं. विद्यार्थी मला फोनवर म्हणाला, “सर, काकांनी पकडलं. नाद खुळा!”

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावायचं काम मात्र वाटून घ्यावं लागलं. इनटेकचे वर, हेडच्या झाकणाखाली. ते काका उभ्याने करतात, गेज ०.०१८ इंचाचं. एक्झॉस्टचे ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या आड, तिथे गेज ०.०१६ इंचाचं आणि दोन पातळ पाने घेऊन वाकून राहावं लागतं. ते काम विद्यार्थ्याचं.

पत्र्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाजारात तयार हौदा मिळतो, पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीकडून अख्खी जीपच बांधून येते. इथे जुनाच हौदा ठेवला, खालच्या पट्ट्या आणि पायाखालचा पत्रा नवा घातला. डेंटरला एकच अट, लांबी (पुटी) भरून भोकं बुजवायची नाहीत. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग लावू दिलं नाही. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरते आणि ठिणगीने टाकी फुटते. टाकी नवी करून घेतली.

रंगावरून घरात वाद झाला. नातवाला आर्मीचा हिरवा हवा होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कोणालाही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. रस्त्यावर हिरव्या जीपा दिसतात हे खरं, पण पासिंगच्या दारात जाणाऱ्या माणसाने तो मुद्दा कशाला ओढवून घ्यावा. खात्याच्या जीपचा करडा रंग लागला.

पासिंग आणि त्यानंतर

१५ वर्षांपुढच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं होतं. मुदत संपून गेलेली असल्याने विलंब शुल्क वेगळं, पर्यावरण कर वेगळा. पीयूसीसाठी कार्ब्युरेटरचा मिक्स्चर स्क्रू काकांनी गॅस ॲनालायझरसमोर बसूनच लावला. या जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट बसलेलं हरिकेन इंजिन ती पाळतं, उगाच घाबरू नये.

पहिल्या तपासणीत गाडी नापास झाली, हँडब्रेकवर. या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला एक छोटा ड्रम असतो, तिथे असतो. त्याच्या आतलं ऑइल सील झिरपलं की शू तेलाने माखतात आणि दांडी कितीही ओढा, गाडी उतारावर धरत नाही. सील आणि शू बदलून पुन्हा नेली, तेव्हा पास झाली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने इंजिन नंबर बिलावरच्या छापेशी ताडून पाहिला आणि काकांना विचारलं, छाप तुम्ही घेतलीत का?

आता गाडी रस्त्यावर आहे. ॲक्सल रेशो ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाचाहून जास्त फेरे, असल्याने ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर ती कासावीस होते, म्हणून पुणे-बेंगळुरू महामार्गावर काका ती नेत नाहीत. राधानगरीच्या रस्त्याला मात्र मजेत जाते. विमा थर्ड पार्टी.

दोन कटकटी चालू आहेत. एक पेट्रोलमधल्या इथेनॉलची. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि नळ्या मऊ पडू लागल्या, म्हणून इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या घातल्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा टाकी अर्धी ठेवून जीप महिनाभर उभी करायची नाही. पावसाळ्यात शेताचा रस्ता बंद असतो त्या दिवसांत काका टाकी रिकामी करून ठेवतात.

दुसरी कटकट काकांच्या डाव्या गुडघ्याची. क्लच जड आहे आणि शहरात सिग्नलला तो दाबून उभं राहणं त्यांना आता त्रासाचं होतं. पेडलची लांबी वाढवून जोर थोडा कमी केलाय, पण त्याला मर्यादा आहे. त्यामुळे शहराच्या हद्दीत नातू चालवतो आणि रंकाळ्याच्या पुढे, फुलेवाडीला, दोघं जागा बदलतात. लेफ्ट हँड असल्यामुळे नातवाला ओव्हरटेकचा अंदाज अजून येत नाही, तो एसटीच्या मागे रांगेत राहतो, आणि काका उजव्या सीटवरून सांगत राहतात की आता घे, आता नको.

ट्रान्सफर केसचं ते सील पुन्हा पाझरायला लागलंय. या वेळी दांड्यावरच खाच पडलेली दिसते, म्हणजे नुसतं सील बदलून भागणार नाही, योक काढून त्यावर बुश चढवावा लागेल. मिस्त्रींना माप दिलंय. शनिवारी विद्यार्थी येणार आहे, खाली तोच जाईल.